साखर दोन दिवसांत संपते, मग वॉश चार दिवस का ठेवायचा?

पुण्याजवळ अल्कोहोल टेक्नॉलॉजी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे : "आमच्याकडे मळीचं फर्मेंटेशन 24 ते 30 तासांत उरकतं. स्कॉटलंडच्या माल्ट डिस्टिलरीत कुठे 55 तास, कुठे 75, कुठे 100च्या वर. साखर तर दोन दिवसांत संपते म्हणतात. मग उरलेला वेळ वॉश नुसता पडून का ठेवतात? आणि बिअरवाले वर्ट उकळतात, तसं व्हिस्कीवाले का उकळत नाहीत?"

वर्ट म्हणजे मोड आणलेल्या बार्लीतून, म्हणजे माल्टमधून, काढलेलं गोड पाणी. यीस्ट टाकून ते आंबलं की झाला वॉश. हे दोन प्रश्न दिसतात वेगळे, पण आहेत एकच. वर्ट उकळलेला नसतो, म्हणून तर थांबण्याला अर्थ आहे. उकळला असता तर 48 तासांनंतर थांबून काहीही हाती लागलं नसतं.

मी आधी सांगली भागातल्या एका कारखान्याच्या डिस्टिलरीत शिफ्ट केमिस्ट होतो. नंतर एडिंबराच्या हेरियट-वॉट विद्यापीठात ब्रूइंग-डिस्टिलिंग शिकलो आणि पुढची अकरा वर्षं स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागात मॅशहाउस (जिथे वर्ट काढतात) आणि टनरूम (जिथे तो आंबवतात) सांभाळली. त्यामुळे तुमचा प्रश्न मला आतून कळतो. मळीवर काम करणाऱ्या माणसाला टाकी रिकामी ठेवणं किंवा तयार वॉश थांबवून ठेवणं हा गुन्हाच वाटतो. मलाही पहिलं वर्षभर तसंच वाटत होतं.

सुरुवात साखरेपासून करू. मळीत साखर तयार असते. पातळ केली, pH जुळवला, युरिया आणि डीएपी टाकलं, कल्चर सोडलं की काम सुरू. बार्लीच्या दाण्यात असतो स्टार्च, आणि यीस्टला स्टार्च खाता येत नाही. तो आधी तोडावा लागतो. हे तोडण्याचं काम आपल्या घराघरांत होतंच. बाळासाठी नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून सत्त्व करतात ना? त्या सत्त्वाची पेज साध्या नाचणीच्या पिठापेक्षा पातळ आणि किंचित गोड लागते. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचं एन्झाइम तयार होतं आणि ते शिजताना स्टार्च तोडतं. माल्टिंग म्हणजे नेमकं हेच. बार्ली भिजवायची, पाच-एक दिवस मोड येऊ द्यायचे आणि एन्झाइम मरणार नाहीत अशा बेताने भट्टीत वाळवायची. धुराची चव हवी असेल तर याच भट्टीत पीट जाळतात. ती चव इथेच माल्टमध्ये शिरते, तिचा उगम किण्वनात (फर्मेंटेशनमध्ये) नाही.

हा माल्ट भरडून साधारण 63-64 अंश सेल्सिअसच्या पाण्यात मिसळतात (याला मॅश म्हणतात). हे तापमान तडजोडीचं आहे. याहून फार वर गेलात तर बीटा-अमायलेज भराभर मरतं, फार खाली राहिलात तर स्टार्च नीट उलगडत नाही. तासाभरात पहिलं पाणी काढून घ्यायचं, मग जास्त गरम दुसरं पाणी फिरवायचं. ही दोन पाणी वॉशबॅककडे, म्हणजे आंबवण्याच्या टाकीकडे, जातात. तिसरं त्याहून कडक पाणी उरलीसुरली साखर धुऊन आणतं आणि पुढच्या मॅशचं पहिलं पाणी होतं. उरलेला चोथा, त्याला तिथे ड्राफ म्हणतात, गुरांना जातो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. बिअरवाला इथे वर्ट तास-दीड तास उकळतो, हॉप्स घालतो. त्यात जंतू मरतात, एन्झाइमही मरतात. मोठे तुटके स्टार्च, म्हणजे डेक्स्ट्रिन, आहेत तसे राहतात. यीस्टला ते खाता येत नाहीत, म्हणून बिअरला तोंडात जाणवणारा भरीवपणा मिळतो आणि तिची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर जास्त तर ती जास्त) 1.010च्या आसपास येऊन थांबते. व्हिस्कीवाल्याला या भरीवपणाचा काही उपयोग नाही, कारण तो स्टिलमधून, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या भांड्यातून, वर येणारच नाही. त्याला प्रत्येक डेक्स्ट्रिनची साखर आणि प्रत्येक साखरेचं अल्कोहोल हवं असतं. म्हणून वर्ट न उकळता फक्त 18-20 अंशांपर्यंत थंड करतात. माल्टमधलं एन्झाइम, त्यातही लिमिट डेक्स्ट्रिनेज नावाचं, स्टार्चच्या फांद्यांचे सांधे तोडणारं, वॉशबॅकमध्ये यीस्टच्या शेजारी बसून काम करत राहतं. किण्वनात pH उतरला की ते जास्त मोकळं होतं. एकीकडे यीस्ट माल्टोज खातंय, दुसरीकडे एन्झाइम नवा माल्टोज तोडून देतंय. म्हणून 1.060ने सुरू केलेला वॉश 1.000च्या खाली, 0.998 वगैरेपर्यंत उतरतो. म्हणजे साधारण 8 टक्के अल्कोहोल.

कायदाही इथे आडवा येतो. स्कॉचच्या 2009च्या नियमांप्रमाणे स्टार्चची साखर फक्त धान्याच्या स्वतःच्या एन्झाइमने करायची आणि किण्वनासाठी फक्त यीस्ट टाकायचं. बाहेरचं एन्झाइम चालत नाही, युरिया-डीएपीसारखी पूरक द्रव्यंही नाहीत. गरजही पडत नाही. माल्टच्या वर्टमध्ये अमायनो नायट्रोजन, म्हणजे यीस्टचं पोषण, भरपूर असतो, मळीत तो फारच कमी असतो. हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागेल.

यीस्ट आहे तेच, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. पूर्वी स्कॉटलंडमध्ये जवळच्या ब्रुअरीचं उरलेलं यीस्ट आणून वापरत. 1950च्या दशकात डिस्टिलरीसाठी मुद्दाम काढलेला 'एम' नावाचा प्रकार आला आणि त्याने बहुतेक उद्योग व्यापला. प्रमाण अंदाजे टनभर माल्टला 18-20 किलो दाबलेलं यीस्ट. मळीच्या डिस्टिलरीत आपण यीस्ट धुऊन परत फिरवतो, ब्रुअरीतही पुढच्या बॅचला वापरतात. माल्ट डिस्टिलरीत तसं करता येत नाही, कारण वॉश यीस्टसकट स्टिलमध्ये जातो. ती मेलेली यीस्ट स्टिलमध्ये शिजताना स्वतःतली फॅटी ॲसिडची एस्टर (वास देणारी संयुगं) सोडतात आणि न्यू मेकला, म्हणजे स्टिलमधून नुकत्याच निघालेल्या मद्याला, एक जाडी देतात. प्रत्येक वॉशबॅकला यीस्ट ताजं, कोवळं.

आता टनरूममध्ये चला. रात्रपाळीला मला तिथे सगळ्यात बरं वाटायचं. यीस्ट टाकल्यावर पहिले काही तास काहीच दिसत नाही. यीस्ट वर्टमधला विरघळलेला ऑक्सिजन ओढून घेत असतं आणि आपल्या पेशीची कातडी पक्की करत असतं, कारण पुढे ऑक्सिजन मिळणार नाही हे त्याच्या रचनेतच आहे. आठ-दहा तासांनी फेस धरायला लागतो. बारा ते चोवीस तासांच्या मधे वॉशबॅक अक्षरशः थरथरतो. जमिनीवर हात ठेवला तर कळतं. फेस झाकणापर्यंत चढतो आणि वर फिरणारं पातं, त्याला स्विचर म्हणतात, फटाफट तो कापत राहतं. आपल्याकडे यासाठी टर्की रेड ऑइल ओततो, तिथे बहुतेक ठिकाणी पात्यावर भागवतात. तापमान 18-19 अंशांवरून चढत चढत 32-33पर्यंत जातं. जुन्या लाकडी वॉशबॅकना थंड पाण्याची वेटोळी नसतात. म्हणून सुरुवातीचं तापमान हाच तुमच्या हातातला लगाम. उन्हाळ्यात एक-दोन अंश खालून सुरू करायचं, हिवाळ्यात थोडं वरून. 35च्या पुढे गेलं की अल्कोहोल आणि उष्णता दोन्ही मिळून यीस्टला थकवतात आणि ग्रॅव्हिटी मधेच अडकते.

एक हिशेब करून बघा. 180 ग्रॅम ग्लुकोजमधून 92 ग्रॅम अल्कोहोल आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. म्हणजे 50,000 लिटरचा वॉशबॅक 8 टक्क्यांवर गेला की त्यातून अंदाजे तीन टन वायू बाहेर पडलेला असतो. तो हवेपेक्षा जड, झाकणाखाली साचून राहतो. पाहुण्यांना झाकण उचलून वास घ्यायला सांगतात तेव्हा नाकात सुई टोचल्यासारखं होतं, डोळ्यांत पाणी येतं. तुम्ही काम करणार असाल तर एवढं मनाशी पक्कं करा : रिकाम्या झालेल्या वॉशबॅकमध्येही मीटरने हवा तपासल्याशिवाय डोकं घालायचं नाही. आपल्या कारखान्यांतही नाही.

चाळीस-पंचेचाळीस तासांनी आवाज थांबतो. फेस खाली बसतो, वर करडा-तपकिरी पातळ थर, अधूनमधून एखादा बुडबुडा. ग्रॅव्हिटी आता हलत नाही. अल्कोहोलच्या हिशेबाने काम झालं. तुमचा पहिला प्रश्न इथे उभा राहतो.

वर्ट उकळला नाही, म्हणजे जंतू मेले नाहीत. माल्टबरोबर लॅक्टोबॅसिलस, म्हणजे दह्यात असतात त्या प्रकारचे जंतू, येतातच. पाइपांत, लाकडाच्या छिद्रांतही ते बसलेले असतात. सुरुवातीला यीस्टची संख्या इतकी प्रचंड असते की त्यांना डोकं वर काढता येत नाही. यीस्टचं आटोपलं की त्यांची पाळी येते. मरणाऱ्या यीस्टच्या पेशी फुटून अमायनो ॲसिड, जीवनसत्त्वं बाहेर पडतात. लॅक्टोबॅसिलसना हेच लागतं. यीस्टला न पचलेल्या पाच कार्बनच्या साखरा आणि बारीक डेक्स्ट्रिन त्यांना चालतात. 48 तासांना pH 4.2च्या आसपास रेंगाळलेला असतो. 70-80 तासांत तो 3.8-3.9कडे घसरतो. अल्कोहोल यातून वाढत नाही, चव बदलते. लॅक्टिक ॲसिड आणि अल्कोहोल मिळून इथाइल लॅक्टेट होतं. आणखी एक फार सुंदर गोष्ट घडते. हे जंतू माल्टच्या स्निग्ध आम्लांत एक ऑक्सिजन बसवतात आणि यीस्ट त्यांची लॅक्टोन बनवतं. गॅमा-डेकालॅक्टोन त्यांतलंच, पीच आणि पिकलेल्या फळाच्या सायीचा वास देणारं. एकाने अर्धं काम करायचं, दुसऱ्याने पुरं करायचं. पण त्यासाठी जिवंत यीस्ट अजून थोडं शिल्लक असायला हवं, म्हणून जंतू कधी वाढतात हे फार महत्त्वाचं.

हे 'कधी' मी माझ्या चुकीतून शिकलो. उन्हाळ्यात डिस्टिलरी चार आठवडे दुरुस्तीसाठी बंद असते. त्या काळात लाकडी वॉशबॅकच्या फळ्या सुकून फटी पडतात, म्हणून सुरू करण्याआधी पाणी भरून लाकूड फुगवतात. एका वॉशबॅकमध्ये ते पाणी ठरल्यापेक्षा जास्त दिवस राहिलं, आणि मी जंतू मारायची वाफ अर्ध्या वेळातच थांबवली, कारण पहिला मॅश तयार होता. सही माझीच होती. अठरा तासांनी pH काढला तर 3.9. एरवी त्या वेळेला 4.4 असायचा. झाकण उचललं तर फळाचा वास नाही, शिळ्या ताकाचा आणि त्याखाली काहीतरी कुजकं. सूक्ष्मदर्शकाखाली गोल यीस्टच्या मधे काड्याच काड्या. साठ तासांनी ग्रॅव्हिटी 1.006वर अडकली. जंतू तेच, काम तेच, पण साखर असताना आले म्हणून त्यांनी साखर खाल्ली आणि आम्लाने यीस्टला दडपलं. दोन दिवस उशिरा आले असते तर मी त्यांचं स्वागत केलं असतं.

लुई पाश्चरने 1856 साली फ्रान्समधल्या लिल शहरात अगदी हेच पाहिलं होतं. बीटच्या साखरेपासून अल्कोहोल करणाऱ्या बिगो नावाच्या कारखानदाराच्या काही टाक्या आंबट होत होत्या. चांगल्या टाकीत गोल पेशी, बिघडलेल्या टाकीत बारीक काड्या. पुढच्याच वर्षी त्याने लॅक्टिक किण्वनावरचा निबंध मांडला. म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्राची एक मोठी वाट आपल्या धंद्याच्या, तीही साखरेच्या डिस्टिलरीच्या टाकीतून निघाली आहे. मळीवर काम करणाऱ्याने हे अभिमानाने लक्षात ठेवावं.

आता मघाचा नियम आठवा : किण्वनासाठी फक्त यीस्ट टाकायचं. म्हणजे लॅक्टोबॅसिलसचं कल्चर विकत आणून वॉशबॅकमध्ये ओतता येत नाही. मग हाती उरतं काय? वेळ आणि जागा. म्हणून डिस्टिलरी तास धरून बसतात. आयला बेटावर लागाव्हुलिन 55 तासांच्या आसपास थांबतं. तिथे धुराचा आणि भरीव चवीचा बाज आहे. ओबानला त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ देतात. कॅम्पबेलटाउनच्या स्प्रिंगबँकमध्ये लार्च लाकडाचे वॉशबॅक आहेत, वर्टची ग्रॅव्हिटी कमी ठेवतात आणि किण्वन 100 तासांच्या घरात नेतात. ठोकळ मानाने छोट्या किण्वनातून धान्याचा, सुक्यामेव्याचा, जरा जड बाज येतो, लांबवलेल्यातून फळ आणि मेणाचा. पाच दिवस चालणाऱ्या डिस्टिलरीत शुक्रवारी भरलेला वॉशबॅक सोमवारपर्यंत थांबतो, त्यामुळे एकाच ठिकाणी लांब आणि छोटी अशी दोन प्रकारची किण्वनं होतात. सोमवारचा न्यू मेक वेगळा लागतो, हे जुन्या स्टिलमनना प्रयोगशाळेशिवाय ठाऊक असायचं.

तास हा एकटाच घटक नाही. वर्ट किती गढूळ आहे याने मोठा फरक पडतो. मॅशटनमधून (मॅशच्या टाकीतून) घाईने, दाब देऊन पाणी ओढलं तर बारीक कण आणि त्यांच्याबरोबर स्निग्ध पदार्थ येतात. ते असले की यीस्टची एस्टर करण्याची ओढ कमी होते आणि शेंगदाण्या-बिस्किटासारखी चव येते. संथपणे, गाळाचा थर न हलवता नितळ वर्ट काढला तर केळ्याच्या वासाचं आयसोअमाइल ॲसिटेट, सफरचंदाच्या वासाचं इथाइल हेक्सानोएट जास्त मिळतं. मला विचाराल तर गढूळ वर्ट घेऊन 100 तास थांबणं म्हणजे अर्धी मेहनत वाया.

लाकूड की स्टील, यावर तिथे भांडणं होतात. डग्लस फरच्या, तिथे ऑरेगन पाइन म्हणतात, फळ्यांचे वॉशबॅक दिसायला देखणे, उष्णता धरून ठेवतात, छिद्रांत जंतूंची वस्ती टिकवतात. स्टील धुवायला सोपं. मी दोन्हींवर काम केलं आहे. माझं मत : लाकडापेक्षा वेळ मोठा. माल्ट स्वतःच इतके जंतू घेऊन येतो की स्टीलमध्येही 80 तासांनी pH उतरतोच. लाकडात तो थोडा लवकर आणि दरवेळी थोड्याफार सारख्या रीतीने उतरतो, एवढाच फरक माझ्या वहीत दिसतो.

अमेरिकेत हीच गोष्ट उलट टोकाने सोडवली आहे. केंटकीत स्टिलमधून निघालेला आंबट उरलेला द्रव, आपल्या भाषेत स्पेंट वॉश, पुढच्या मॅशमध्ये घालतात. त्याला सावर मॅश म्हणतात. मूळचे स्कॉटिश असलेले डॉ. जेम्स क्रो यांनी 1830च्या दशकात ही रीत मोजून-मापून पक्की केली. सुरुवातीलाच आम्ल असल्याने नको ते जंतू दबतात आणि यीस्टला मोकळं रान मिळतं. तिथे चवीचा भार यीस्टच्या जातीवर जास्त. फोर रोझेस तर पाच वेगवेगळी यीस्ट आणि धान्याची दोन मिश्रणं धरून दहा प्रकारची दारू करतं आणि मग ती मिसळतं.

आपल्याकडे खरी माल्ट व्हिस्की करायची तर अडचण हवेची. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन ही डिस्टिलरी आहे, बेंगळुरूला अमृत आहे. दोघेही भारतीय सहा-ओळी बार्ली वापरतात. तिच्यात प्रथिनं आणि एन्झाइम भरपूर, स्टार्च तुलनेने कमी, त्यामुळे टनामागे उतारा कमी. बाहेरच 30-32 अंश असताना लगाम केवळ सुरुवातीच्या तापमानाने राहत नाही, थंड पाणी फिरवावंच लागतं. आणि गरम हवेत लॅक्टोबॅसिलस लवकर उठतात, म्हणून स्कॉटलंडमधले 100 तास इथे जसेच्या तसे लावू नका. काजूच्या बोंडांचा रस गोव्यात कोणीही यीस्ट न टाकता तीन-एक दिवसांत आंबतो, त्यावरून या हवेत काय वेगाने चालतं ते समजा.

तुमच्या संस्थेच्या प्रयोगशाळेत परवानगीने एक गोष्ट करून बघा. माल्टचा एकच वर्ट घ्या, अर्धा वीस मिनिटं उकळा, अर्धा तसाच ठेवा. दोन्ही 20 अंशांना आणून सारखंच यीस्ट टाका आणि दर चार तासांनी ग्रॅव्हिटी आणि pH वहीत लिहा. उकळलेल्याची ग्रॅव्हिटी वरच अडकेल, न उकळलेल्याची 1.000च्या खाली जाईल. मग ग्रॅव्हिटीची रेघ आडवी झाल्यावरही न उकळलेल्याचा pH मोजत राहा. कधीतरी pHची रेघ पुन्हा खाली वळेल. ते वळण कितव्या तासाला आलं आणि त्याआधी-नंतर वास कसा बदलला, एवढं मला कळवा.